वर्गात तंत्रज्ञान आणि नवी अध्ययन कौशल्ये : शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे जिल्हा परिषद, नगरपालिका व अनुदानित मराठी शाळांतील शिक्षकांकडून, तसेच केंद्रस्तरावर (शाळांच्या समूहाच्या पातळीवर) त्यांना साहाय्य करणाऱ्या तंत्रस्नेही शिक्षकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांवरून तयार केली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा विषय दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वर्गात तंत्रज्ञान आणायचे म्हणजे नेमके काय करायचे? टीव्हीवर व्हिडिओ दाखवला की झाले का?

व्हिडिओ दाखवणे हा तंत्रज्ञानाचा एक उपयोग आहे आणि बहुतेकदा तो सर्वांत दुबळा उपयोग ठरतो, कारण त्यात मूल फक्त पाहते. सुरुवात उपकरणापासून न करता पाठातील अडणाऱ्या जागेपासून करावी. दरवर्षी कोणत्या पाठात, कोणत्या वाक्यापाशी मुले थबकतात, हे शिक्षकाला पक्के ठाऊक असते. समोच्च रेषांचे उदाहरण घेऊ. कागदावरच्या वेड्यावाकड्या वर्तुळांतून डोंगर उभा राहतो, हे मुलांच्या डोळ्यांपुढे येत नाही. ही अडणारी जागा. अशा वेळी अर्धा कापलेला बटाटा परातीत पालथा ठेवावा, थोडे थोडे पाणी वाढवत प्रत्येक पातळीला त्यावर पेनाने रेष ओढावी आणि मग तो वरून पाहण्यास सांगावे. त्यानंतर गूगल अर्थमध्ये राजगड किंवा कळसूबाई तिरक्या कोनातून दाखवून हळूहळू दृश्य माथ्यावर आणावे. बटाट्यामुळे रेष कळते आणि पडद्यामुळे ती रेष खऱ्या सह्याद्रीवर जाऊन बसते. ज्या पाठात अशी अडणारी जागा नाही, तेथे खडू-फळा पुरेसा आहे आणि तो वापरण्यात कमीपणा नाही.

२. 'एकविसाव्या शतकातील कौशल्ये' हे शब्द प्रत्येक प्रशिक्षणात ऐकतो. माझ्या वर्गात ती दिसणार कशी?

चिकित्सक विचार, सर्जनशीलता, सहकार्य आणि संवाद ही चार नावे भिंतीवर लावल्याने दिसत नाहीत. मुलांना दिलेले काम बदलले की ती दिसू लागतात. दोन उदाहरणे देतो.

पहिले पावसाचे आहे. सरळ कडांच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून मुले जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खाते ज्या वेळी नोंद घेते त्याच वेळी, पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरून त्यांचा स्तंभालेख काढतात. कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय दैनंदिन पावसाचे आकडे असतात; त्यांच्याशी आपले आकडे ताडून पाहतात. ते जुळत नाहीत आणि धडा खऱ्या अर्थाने तेथेच सुरू होतो. आपले चुकले, की मंडळाचे यंत्र आठ किलोमीटरवर असल्याने फरक पडला? बाटली झाडाखाली ठेवली होती का? या वादात गणित येते, भूगोल येतो आणि पुराव्याने बोलण्याची सवयही लागते.

दुसरे उदाहरण १९७२ च्या दुष्काळाचे आहे. तीन मुलांचा गट गावातील तीन वृद्धांशी बोलतो व त्यांच्या परवानगीने फोनवर ध्वनिमुद्रण करतो. मिलो, सुकडी, खडी फोडण्याची कामे, बंधाऱ्यांवरची मजुरी अशा गोष्टी त्यातून निघतात. तीन आठवणी एकमेकींशी कोठे जुळतात व कोठे जुळत नाहीत, हे मुलांनी लिहून काढायचे असते. फोन येथे केवळ वहीचे काम करतो. कौशल्य आहे ते प्रश्न विचारण्याचे, ऐकण्याचे आणि ऐकलेले पडताळण्याचे.

३. मला संगणक फारसा येत नाही आणि निवृत्तीला सहा वर्षे उरली आहेत. आता शिकून काय उपयोग?

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार शिक्षकाला तीन ज्ञानांची सांगड घालावी लागते: विषयाचे, शिकवण्याच्या पद्धतीचे आणि तंत्रज्ञानाचे. यांपैकी पहिली दोन आपल्याकडे तीस वर्षांच्या अनुभवाने आलेली आहेत आणि तीच मिळवणे अवघड असते. तिसऱ्यातील तीन गोष्टी आल्या तरी पुरे: फोनवर आवाज व चित्र नोंदवणे, फोन टीव्हीला जोडणे आणि साठवलेली फाइल नंतर सापडणे. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु तास वाया जाण्याचे ते सर्वांत सामान्य कारण आहे. शाळेतील तरुण सहकाऱ्यासोबत जोडी करावी. बटणे त्याला ठाऊक असतील, पण मूल कोठे अडते ते आपल्याला ठाऊक आहे.

४. मराठीत मोफत आणि भरवशाचे साहित्य कोठे मिळते?

पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ प्रती बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात. केंद्र सरकारच्या 'दीक्षा' या २०१७ मध्ये सुरू झालेल्या मंचावर राज्याच्या अभ्यासक्रमाशी जोडलेले साहित्य आहे. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचे 'स्टोरीविव्हर' उत्तम आहे: पातळीनुसार लावलेली मराठी पुस्तके तेथे असून ती खुल्या परवान्याखाली असल्याने छापता, वाटता आणि आपल्या बोलीत रूपांतरितही करता येतात. विज्ञान व गणितासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सदृशीकरणे (पडद्यावर हाताळून पाहता येणारे प्रयोग) मराठीतही आहेत. शिक्षकांनी स्वतः संगणक शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' पाहावे. त्यातील अनेक पाठ मराठीत आहेत. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान खेळणी करायची असतील, तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाला तोड नाही, आणि त्यासाठी वर्गात वीजही लागत नाही.

युट्यूबवरील मराठी शैक्षणिक व्हिडिओंचा दर्जा फारच कमी-अधिक असतो. कोणताही व्हिडिओ मुलांना दाखवण्यापूर्वी तो पूर्ण पाहावा. पहिली दोन मिनिटे पाहून भागत नाही.

५. पुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केला तर काहीच उघडत नाही. काय करावे?

पुस्तकाला कोड जोडण्याची कल्पना महाराष्ट्रात रुजण्यामागे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केलेला प्रयोग आहे. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा हा प्रयोग जगभर पोहोचला. कोड न उघडण्याची कारणे मात्र साधी असतात. फोनच्या कॅमेऱ्याऐवजी दीक्षा ॲपमधील स्कॅनर वापरून पाहावा. छपाई पुसट असेल, तर कोडाखाली छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण दीक्षावर टाइप करावी. तरीही साहित्य आले नाही, तर पुस्तक जुन्या आवृत्तीचे आहे का ते पाहावे. साहित्य एकदा उघडले की ते ॲपमध्येच उतरवून ठेवावे, म्हणजे वर्गात नेट लागत नाही (प्रश्न ६ पाहा).

६. शाळेत नेट नाही आणि वीजही भरवशाची नाही. मग हे सगळे आमच्यासाठी आहे का?

आहे, मात्र नियोजन उलट दिशेने करावे लागते. जेथे रेंज आहे तेथे, म्हणजे घरी किंवा तालुक्याच्या गावी, आठवड्याचे साहित्य उतरवून पेन ड्राइव्हमध्ये किंवा फोनमध्ये ठेवावे. फेट सदृशीकरणे आणि दीक्षावरील बरेचसे साहित्य नेटविना चालते. 'कोलिब्री' ही मोफत प्रणाली एखाद्या जुन्या लॅपटॉपवर बसवली, तर तो लॅपटॉप शाळेपुरते ग्रंथालय होतो आणि राउटरमार्फत आसपासचे टॅबलेट इंटरनेटशिवाय त्यातून साहित्य घेतात.

विजेच्या बाबतीत माझे मत असे आहे की, टीव्हीच्या आधी वायरिंग, अर्थिंग आणि चार्जिंगची जागा यांवर खर्च करावा. देणगीतून आलेली उपकरणे एका पावसाळ्यातील विजेच्या चढउताराने निकामी झाल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतात. आणि प्रत्येक पाठाची विजेविना चालेल अशी एक बाजू तयार ठेवावी. प्रश्न १ मधील बटाटा त्यासाठीच आहे.

७. लोकवर्गणीतून पैसे जमले आहेत. मोठा टीव्ही घ्यावा की टॅबलेट?

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याच्या शाळेने डिजिटल वर्ग उभारला, त्याची चर्चा राज्यभर झाली आणि पुढे अनेक गावांनी आपापल्या शाळेसाठी वर्गणी काढली. त्यामुळे हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो. वर्ग मोठा असून शिक्षक प्रश्नोत्तरांनी शिकवणारे असतील, तर टीव्ही योग्य. पटसंख्या कमी आणि वर्ग एकत्र बसणारे असतील, तर चार-पाच टॅबलेट अधिक कामाला येतात (प्रश्न ८ पाहा). प्रत्येक मुलाला एक टॅबलेट हा हट्ट धरू नये. दोघा-तिघांत एक असला की बोलणे होते आणि बोलण्यातून शिकणे होते.

खरेदीपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात दुरुस्ती कोण करणार, सुट्टीत उपकरणे कोठे राहणार आणि दुरुस्तीचा खर्च कोठून येणार हे लिहून घ्यावे. जमलेल्या रकमेचा काही भाग दुरुस्तीसाठी बाजूला ठेवला नाही, तर दोन वर्षांत टीव्हीवर कापड पडते. टीव्ही घेताना वर्गाच्या शेवटच्या रांगेत बसून पडद्यावरील अक्षरे वाचता येतात का, ते दुकानातच तेवढ्या अंतरावर उभे राहून पाहावे.

८. आमची द्विशिक्षकी शाळा आहे. एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळताना तंत्रज्ञानाची भर कशी घालू?

खरे तर तंत्रज्ञानाचा सर्वाधिक उपयोग बहुवर्ग अध्यापनातच होतो. शिक्षक पहिली-दुसरीला वाचन शिकवत असताना तिसरी-चौथीचा गट एका टॅबलेटवर वीस मिनिटांचे काम करू शकतो. मात्र काम असे द्यावे की, शेवटी वहीत काहीतरी उतरले पाहिजे: एखादी आकृती, तीन वाक्ये किंवा सोडवलेले एक उदाहरण. गटात एकाने वाचावे, एकाने उपकरण हाताळावे, एकाने लिहावे आणि दर दिवशी हे काम बदलावे. बदलले नाही तर टॅबलेट कायम एकाच मुलाच्या हातात राहतो आणि तो बहुधा मुलगा असतो. मुलगी लिहीत बसते. याकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावे.

९. तंत्रज्ञानाने मुले खरोखर अधिक शिकतात का? काही पुरावा आहे का?

पुरावा आहे आणि तो दोन्ही बाजूंचा आहे. पेरू देशात 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेचा ३१९ ग्रामीण शाळांत काटेकोर अभ्यास झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत गणित व भाषेच्या गुणांवर काहीही परिणाम आढळला नाही. ही योजना आपल्यालाही परकी नाही: रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट येथे २००७ मध्ये तिचा प्रयोग झाला होता.

याउलट दिल्लीत शाळा सुटल्यानंतरच्या केंद्रांत मुलांच्या पातळीप्रमाणे प्रश्न बदलणारी संगणकप्रणाली वापरली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) भरीव प्रगती दिसली. मात्र त्या केंद्रांत संगणकाच्या जोडीला लहान गटांची शिकवणीही होती, हे विसरू नये. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की फरक लक्षात येतो: पेरूत यंत्र वाटले गेले, तर दिल्लीत सहावीतले मूल गणितात तिसरीच्या पातळीवर असेल तर तेथूनच त्याला पुढे नेले गेले. आपल्या शाळेत पायाभूत चाचणीचे निकाल कपाटात असतील, तर त्यांतून अशी पातळी कोणत्याही प्रणालीविना आजच ठरवता येते.

१०. पालक म्हणतात, 'घरी मोबाइलचे वेड, आता शाळेतही तेच!' त्यांना काय सांगावे?

त्यांची तक्रार रास्त आहे, असेच प्रथम सांगावे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली, ती याच काळजीपोटी. शाळेतील वापर वेगळा कसा आहे, हे भाषणाने पटत नाही. पालकसभेत मुलांनाच पावसाचा आलेख किंवा आजीची मुलाखत मांडू द्यावी (प्रश्न २ पाहा). वेळेच्या मर्यादेसाठी केंद्र सरकारने १४ जुलै २०२० रोजी दिलेली 'प्रज्ञाता' मार्गदर्शिका हाताशी ठेवावी. ती ऑनलाइन वर्गांसाठी होती. तिच्यात पहिली ते आठवीला दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे सुचवली होती. प्रत्यक्ष शाळेत त्याहून कितीतरी कमी पुरते. आणि गृहपाठ मोबाइलवर पाठवणे टाळावे. त्याचे आणखी एक कारण पुढच्या प्रश्नात आहे.

११. काही मुलांच्या घरी स्मार्टफोन नाही. त्यांचे काय?

वर्गातील एकाही मुलाकडे फोन नसेल, तर घरचे काम फोनविनाच होईल असे द्यावे. काहींकडे असेल, तरीही तसेच द्यावे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील किंवा दिवसभर फोन वडिलांकडे असलेल्या मुलांची अडचण टाळेबंदीच्या काळात सर्वांनी पाहिली आहे. फोन लागणारे काम शाळेच्या वेळेत, शाळेच्या उपकरणावर आणि गटातच व्हावे, हा नियम सोपा आहे आणि त्याला अपवाद करू नये.

१२. मुलांचे फोटो आणि व्हिडिओ व्हॉट्सॲप गटावर किंवा फेसबुकवर टाकावेत का?

वैयक्तिक डिजिटल माहितीविषयीच्या २०२३ च्या केंद्रीय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. शाळेने जूनमध्येच लेखी संमती घ्यावी, आणि नकार देणाऱ्या पालकाला कारण विचारू नये. संमती असली, तरी नाव, इयत्ता व गाव चेहऱ्यासोबत देऊ नये. चुका करणाऱ्या, रडणाऱ्या किंवा वाचता न येणाऱ्या मुलाचे चित्रीकरण 'आधी आणि नंतर' दाखवण्यासाठी प्रसिद्ध करण्याची जी रीत पडली आहे, ती संमतीनेही समर्थनीय ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मूल पुढे पंधरा वर्षांचे होते आणि व्हिडिओ तेथेच असतो.

१३. एखाद्या पुस्तकाची पाने स्कॅन करून वर्गात वापरली, तर तो गुन्हा आहे का?

१९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ नुसार शिक्षकाने शिकवण्याच्या ओघात केलेला वापर प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या तरतुदीचा व्यापक अर्थ लावला. म्हणून वर्गापुरत्या प्रती काढण्यास सामान्यतः अडचण नाही. तीच पाने आपल्या युट्यूब वाहिनीवर टाकणे किंवा शेकडो जणांच्या व्हॉट्सॲप गटावर पूर्ण पुस्तकाची पीडीएफ फिरवणे मात्र शिकवण्याच्या ओघात येत नाही. बालभारतीच्या पुस्तकांनाही हे लागू आहे: ती मोफत उतरवता येतात, याचा अर्थ ती पुन्हा प्रसिद्ध करण्याची मोकळीक मिळते असा नाही. अशी अडचण नको असेल, तर खुल्या परवान्याचे साहित्य घ्यावे (प्रश्न ४ पाहा).

१४. एआयकडून टाचण लिहून घेतले तर चालेल का? आणि मुले निबंध त्याच्याकडून लिहून आणू लागली तर?

टाचणाची भाषा एआय छान लिहितो, परंतु आपल्या वर्गातील कोणती मुले हातच्याची वजाबाकी अजून करू शकत नाहीत, हे त्याला ठाऊक नसते, आणि टाचण त्यासाठीच असते. त्यापेक्षा त्याच्याकडून कच्चा माल घ्यावा: एकाच घटकावरील सोपे, मध्यम व अवघड असे प्रश्न, एका गोष्टीची चार सोप्या वाक्यांतील आवृत्ती किंवा शाब्दिक उदाहरणांत आपल्या गावच्या बाजारातील वस्तू. उत्तरे स्वतः सोडवून पाहावीत. मराठीत त्याच्याकडून लिंग-वचनाच्या चुका होतात, आणि संतांच्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेले अभंगही तो शांतपणे देतो. म्हणून उद्धरण मूळ पुस्तकात पाहिल्याविना फळ्यावर लिहू नये. मुलांची नावे, गुण किंवा आजारपणाची माहिती अशा साधनात कधीही टाकू नये (प्रश्न १२ पाहा).

निबंधाबाबत पकडापकडीचा मार्ग निष्फळ आहे, कारण ओळखण्याची साधने चुकतात आणि एखाद्या निरपराध मुलावर आळ येतो. विषय बदलावा. 'पावसाळा' ऐवजी 'आमच्या ओढ्याला गेल्या पुरात पाणी कोठपर्यंत आले होते' असा विषय दिला, तर मुलाला ओढ्यापर्यंत जावे लागते. कच्चा खर्डा वर्गात लिहून घ्यावा आणि त्यावर दोन प्रश्न तोंडी विचारावेत. चॅटजीपीटीच्या अटींनुसार तेरा वर्षांखालील मुलांनी ते वापरायचे नसते, म्हणून प्राथमिक वर्गांत ते फक्त शिक्षकाच्या हातात असावे.

१५. जुन्या फॉन्टमधील प्रश्नपत्रिका फोनवर उघडल्या की अगम्य चिन्हे दिसतात. सगळे पुन्हा टाइप करावे लागेल का?

नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ते विस्कटतात. फॉन्ट-परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये (सर्व यंत्रांवर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात) आणावा आणि नंतर जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी तपासावी. विशेषतः अर्धा र पाहावा: 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत सह्याद्री आणि अरबी समुद्राइतका फरक आहे. पुढील टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घेतला, तर थोड्याच दिवसांत हात बसतो.

१६. वर्गात एक अंशतः अंध मुलगी आहे. टीव्हीवरचा पाठ तिच्यासाठी निरुपयोगी ठरतो का?

ठरू नये, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार तिला बरोबरीने शिकण्याचा हक्क आहे. तिला पडद्याजवळ बसवावे, काळ्या पार्श्वभूमीवर मोठी पांढरी अक्षरे वापरावीत आणि पडद्यावर जे दिसते ते शिक्षकाने बोलून सांगावे. ही शेवटची सवय संपूर्ण वर्गाच्याच कामाला येते. अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक मराठी मजकूर वाचून दाखवते, मात्र स्कॅन केलेल्या चित्ररूप पीडीएफसमोर ते बहुधा अडते. म्हणून तिच्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये हवा (प्रश्न १५). गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांचा सल्ला आधी घ्यावा, कारण कोणत्या मुलाला काय दिसते हे आजारानुसार बदलते.

१७. मी केंद्रातला तंत्रस्नेही शिक्षक आहे. प्रशिक्षणात सगळे माना डोलावतात, पण वर्गात काहीच उतरत नाही. माझे काय चुकते?

बहुधा आपले नव्हे, प्रशिक्षणाच्या रचनेचे चुकते. एका दिवसात पंधरा ॲप दाखवली जातात, दुव्यांची यादी गटावर पडते, आणि शिक्षक शाळेत परततो तेव्हा तेथील टीव्ही वेगळ्या कंपनीचा असतो, केबल बसत नाही आणि चाळीस मुले वाट पाहत असतात. अशा तासाला एकदा फजिती झाली की तो शिक्षक पुन्हा वर्षभर त्या वाटेला जात नाही. २०१९ मध्ये सुरू झालेले 'निष्ठा' प्रशिक्षण पुढे दीक्षावर ऑनलाइन आले आणि त्याचा आवाका मोठा आहे. परंतु प्रमाणपत्रावरून अभ्यासक्रम शेवटपर्यंत चालवला गेला एवढेच कळते, त्या शिक्षकाचा वर्ग कळत नाही.

त्याऐवजी एका शाळेला तीन भेटी द्याव्यात. पहिल्या भेटीत मागच्या रांगेत बसून फक्त पाहावे आणि मुले कोठे अडली ते लिहावे. तास संपल्यावर शिक्षकाला ॲप सुचवू नये. 'भागाकारात बाकी उरली की ही चार मुले थांबली, तुम्हाला काय वाटते?' असे विचारावे. दुसऱ्या भेटीत त्याच अडणाऱ्या जागेसाठी एकच साधन घेऊन, त्याच शाळेच्या उपकरणावर, दोघांनी मिळून शिकवावे. तिसऱ्या भेटीत शिक्षकाने एकट्याने शिकवावे. तेव्हा काही बिघडले तरी उठून माउस आपल्या हातात घेऊ नये. हे पाळणे सर्वांत कठीण आहे, मला स्वतःला ते फार उशिरा जमले. तीन भेटींच्या मधल्या दिवसांत फोनवर उपलब्ध राहावे, विशेषतः तास सुरू होण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत यशोगाथांऐवजी फसलेल्या एका पाठासाठी वेळ राखून ठेवण्याची विनंती केंद्रप्रमुखांना करावी. पहिला फसलेला पाठ आपण स्वतःचा मांडावा. ज्येष्ठ शिक्षकांसमोर बोलताना त्यांच्याकडून शिकण्याचा भाग आधी आणि आपण सांगण्याचा भाग नंतर ठेवला, तर दार लवकर उघडते (प्रश्न ३ पाहा).

१८. दिवसभर ऑनलाइन माहिती भरण्यातच वेळ जातो. हेही शिक्षणातील तंत्रज्ञानच ना?

नाही. सरल, यूडायस प्लस किंवा शालार्थ ही प्रशासनाची साधने आहेत. त्यांतील प्रावीण्यावरून अध्यापनातील तंत्रज्ञान मोजू नये. काम मात्र टळत नाही, म्हणून विद्यार्थ्यांची मूळ माहिती एकाच स्प्रेडशीटमध्ये अद्ययावत ठेवावी आणि मागणी येईल तशी तिच्यातून उचलावी. दर वेळी जनरल रजिस्टर काढून बसण्यातच अधिक वेळ जातो.

१९. आम्ही परदेशात शनिवार-रविवारची मराठी शाळा चालवतो. आम्हाला यातले काय लागू पडते?

उपकरणांची उणीव नसली, तरी अडणारी जागा तेथेही आहे: मुले मराठी समजतात, पण देवनागरी वाचत नाहीत आणि बोलताना इंग्रजीकडे वळतात. स्टोरीविव्हरच्या पहिल्या पातळीची पुस्तके आणि आजी-आजोबांशी ठरवून केलेली, ध्वनिमुद्रित पंधरा मिनिटांची बातचीत यांचा चांगला उपयोग होतो. मराठी शब्द रोमन लिपीत लिहून देण्याची सोय मात्र लवकर बंद करावी. ती सवय लागली की देवनागरीची गरजच वाटेनाशी होते.

२०. एका परदेशी व्हिडिओत भारताचा नकाशा चुकीचा दाखवला होता. तो वर्गात दाखवला तर चालेल का?

नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी विसंगत असा देशाचा नकाशा प्रसिद्ध करणे १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार दंडनीय आहे, आणि शाळेच्या पडद्यावर तो येणे हे शिक्षकाला अकारण अडचणीत आणणारे आहे. परदेशी संकेतस्थळांवरील बाह्यरेखा नकाशे, सादरीकरणांचे आयते नमुने आणि एआयने काढलेली चित्रे यांतही हा दोष वारंवार आढळतो. जम्मू-काश्मीर, लडाख व अरुणाचल प्रदेशाच्या सीमा विशेषत्वाने पाहाव्यात. वर्गासाठी आणि मुलांच्या प्रकल्पांसाठी सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील नकाशाच घ्यावा. व्हिडिओ अन्य सर्व दृष्टींनी उपयुक्त असेल, तर नकाशाचा भाग वगळून दाखवावा आणि त्यासाठी तो आदल्या दिवशी शीर्षकापासून पाहावा, कारण असा नकाशा पुष्कळदा शीर्षकातच येऊन जातो.